ऑर्वेल, हक्सले आणि आपली बटाट्याची चाळ

इंग्रजी साहित्याने स्लाऊ गावाला मान असा कधी दिलाच नाही. जॉन बेट्जमनने १९३७ साली गावाच्या नावाचीच कविता लिहून त्याची यथेच्छ टर उडवली. २००१ साली बी.बी.सी.ला रटाळ कचेरीची गोष्ट सांगायची होती, तेव्हा 'द ऑफिस' ही मालिका तिने इथेच बसवली. आपल्यापैकी जी मंडळी इथे घर करून राहिली आहेत, त्यांना या थट्टेची सवय झाली आहे. पण एक गोष्ट आपल्यालाही सहसा ठाऊक नसते. माणसावर पाळत ठेवणाऱ्या भविष्याची चित्रे रंगवणाऱ्या विसाव्या शतकातील दोन सर्वांत गाजलेल्या कादंबऱ्यांचे धागे आपल्या गावाच्या वेशीला लागून जातात.

गावाच्या दक्षिणेला ईटन. तिथल्या जगप्रसिद्ध शाळेत १९१७ ते १९२१ या काळात एरिक ब्लेअर नावाचा मुलगा शिकत होता. बिहारमधल्या मोतीहारीत जन्मलेला हा मुलगा पुढे जॉर्ज ऑर्वेल या नावाने लिहू लागला. त्याच शाळेत थोडा काळ त्याला शिकवायला होते आल्डस हक्सले. हक्सले यांची 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' १९३२ साली आली आणि ऑर्वेलची 'नाइन्टीन एटी-फोर' १९४९ साली. हक्सले यांनी तर स्लाऊला कादंबरीत जागाच दिली आहे. स्टोक पोजेसच्या मैदानावर गोल्फसारखा खेळ खेळून हेन्री आणि लेनिना हेलिकॉप्टरने परत निघतात, तेव्हा खाली स्लाऊचे भव्य स्मशानगृह दिसते. त्या चिमण्यांतून मृतदेहांचा फॉस्फरस गोळा करून खतासाठी वापरतात, हे हेन्री मोठ्या अभिमानाने सांगतो. मेल्यावरही माणूस वाया जाऊ द्यायचा नाही, असा त्या राज्याचा हिशेब आहे.

या दोन पुस्तकांची तुलना नवी नाही. नील पोस्टमन या अमेरिकन अभ्यासकाने १९८५ सालीच ती करून ठेवली आणि हक्सलेच्या बाजूने कौल दिला. मी ती पुन्हा काढते आहे, कारण फोनवरून आपला ठावठिकाणा कोण टिपतो, तो कुठे साठतो, कुणाला विकला जातो, याबद्दल आपल्या घरांत बोलणे निघाले की दोनच वाक्ये ऐकू येतात. मुले म्हणतात, "हे अगदी ऑर्वेलसारखं आहे." आणि मोठी माणसे म्हणतात, "आमच्या चाळीत कुठे होती प्रायव्हसी? काही बिघडलं का आमचं?" दोन्ही वाक्ये साहित्यातून आलेली आहेत, दुसरेसुद्धा, कारण आपल्या मनातली चाळ ही निम्मी पु. ल. देशपांड्यांनी बांधलेली आहे. ही दोन्ही वाक्ये अपुरी आहेत असे मला वाटते. आणि त्यांची उणीव भरून काढणारी कृती मराठीतच आहे, पण आपण ती या प्रश्नासाठी कधी उघडत नाही.

आधी वस्तुस्थिती पाहू. मी दूरसंचाराच्या क्षेत्रात नोकरी करते, त्यामुळे हे सांगणे माझ्या रोजच्या कामातले आहे. स्लाऊहून लंडनला कामाला जाणाऱ्या एका साध्या माणसाचा दिवस घ्या. त्याचा फोन चालू असेपर्यंत जवळच्या मनोऱ्यांशी बोलत राहतो, नाहीतर त्याला फोन येणारच नाही. म्हणजे तो कुठल्या भागात आहे हे कंपनीला कळत राहणे हे फोनच्या धर्मातच आहे. २०१६ च्या कायद्यानुसार सरकार अशा नोंदी बारा महिन्यांपर्यंत सांभाळण्याचा हुकूम कंपन्यांना देऊ शकते. फोनमधील जी.पी.एस. मात्र केवळ ऐकते. सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांचे संदेश ऐकून फोन आपली जागा स्वतः मोजतो. ती जागा पुढे दुसऱ्यांना कळवतात ते त्या फोनवर आपण उतरवून घेतलेले कार्यक्रम.

हा माणूस गाडीने निघाला तर रस्त्यावरचे कॅमेरे त्याच्या गाडीचा नंबर वाचतात. एम-फोर रस्त्याचा आपल्याकडचा पट्टा डिसेंबर २०२२ मध्ये 'स्मार्ट' झाला. २९ ऑगस्ट २०२३ पासून लंडनचा कमी-प्रदूषण विभाग हिलिंग्डनपर्यंत, म्हणजे आपल्या कुंपणापर्यंत आला. ज्याची गाडी नियमात बसत नाही त्याला दिवसाचे साडेबारा पौंड पडतात. पण नियमात बसते की नाही हे ठरवायला कॅमेऱ्याला नंबर मात्र सगळ्यांचाच वाचावा लागतो. हा माणूस एलिझाबेथ लाईनने गेला तर कार्डावर प्रवासाची नोंद होते. पुढे भुयारी रेल्वेत शिरला आणि खिशातल्या फोनचे वाय-फाय चालू असले, तर तिथली यंत्रणाही त्याची नोंद घेते. लंडनच्या वाहतूक खात्याने २०१६ च्या अखेरीस चार आठवडे ५४ स्थानकांवर याचा प्रयोग केला, तेव्हा सुमारे ५६ लाख फोनांकडून ५० कोटींहून अधिक नोंदी जमल्या. जुलै २०१९ पासून ही पद्धत कायम झाली. गर्दी कुठे होते, लोक कुठे गाडी बदलतात हे कळावे हा हेतू चांगलाच आहे, आणि खाते स्थानकांवर तशी सूचनाही लावते. पण २०१३ मध्ये लंडनच्या सिटी भागात एका जाहिरात कंपनीने कचराकुंड्यांत यंत्रे बसवून येणाऱ्याजाणाऱ्यांचे फोन मोजले, तेव्हा कुणालाही काही सांगितले नव्हते. बोभाटा झाल्यावर ऑगस्टमध्ये पालिकेने ते बंद करायला लावले.

"पण या नोंदींत नाव नसतं ना?" असे विचारले जाते. त्याच वर्षी, २०१३ मध्ये, 'सायंटिफिक रिपोर्ट्स' या नियतकालिकात एक संशोधन प्रसिद्ध झाले. पंधरा लाख माणसांच्या फोनच्या नोंदी तपासल्यावर असे दिसले की कुठे आणि केव्हा अशा फक्त चार नोंदी हाती असल्या, तर ९५ टक्के माणसे गर्दीतून वेगळी काढता येतात. सकाळी कुठून निघतो आणि रात्री कुठे झोपतो, एवढ्यावर माणूस ओळखू येतो. नाव नंतर चिकटवता येते.

आणि हे सगळे साठते कुठे? जगभरच्या अशा माहितीचा काही भाग नक्कीच आपल्या ट्रेडिंग इस्टेटमध्ये. पहिल्या महायुद्धातल्या मोटारींच्या डेपोवर १९२० साली उभी राहिलेली ही वसाहत आता युरोपातल्या सर्वांत मोठ्या डेटा सेंटर-समूहांपैकी एक आहे. बिनखिडक्यांच्या त्या इमारतींजवळून जाताना मला हक्सलेच्या स्मशानगृहाची आठवण होते. माणूस जिवंतपणी चालला, थांबला, वळला, त्याचीही राख वाया जाऊ द्यायची नाही!

आता ऑर्वेलकडे वळू. त्याच्या कादंबरीची ताकद अशी की पाळतीने माणसाचे अंतरंग कसे आकसते हे तिच्याइतके नेमके कुणी दाखवले नाही. विन्स्टन चेहऱ्यावरचा भावसुद्धा जपून ठेवतो. पण ती कादंबरी आजच्या शहराला लावून पाहिली की तीन ठिकाणी सैल बसते. पहिले, तिथे पाहणारा एकच आहे, सरकार. इथे पाहणारे शेकडो, आणि त्यातले बहुतेक दुकानदार. दुसरे, तिथला पडदा भिंतीत बसवलेला आहे, म्हणून विन्स्टनला खोलीत एक कोनाडा सापडतो, जिथून तो पडद्याला दिसत नाही. त्या कोनाड्यात त्याची डायरी आणि पर्यायाने सगळी कादंबरी जन्म घेते. खिशातल्या पडद्याला कोनाडा नसतो. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे, विन्स्टनला आपण केव्हाही पाहिले जात असू शकतो हे पक्के ठाऊक आहे. आपल्याला ते ठाऊक नसते, किंवा ठाऊक असून आठवत नाही. म्हणूनच आपल्या मुलांनी "ऑर्वेलसारखं आहे" म्हटले की विषय तिथेच संपतो. कारण आजूबाजूला पाहावे तर ना बूट वाजतात, ना दारावर थाप पडते. भयकथेशी तुलना केली आणि भय दिसले नाही, की माणूस निर्धास्त होतो.

हक्सलेचे चित्र इथे जास्त जुळते. त्याच्या जगात कुणावर बळजबरी नाही, लोक सुखात आहेत, आणि एकटे राहावेसे वाटणे हीच तिथे संशयास्पद गोष्ट आहे. ऑर्वेलची कादंबरी वाचून हक्सलेने ऑक्टोबर १९४९ मध्ये आपल्या या जुन्या विद्यार्थ्याला पत्र लिहिले. भावी सत्ताधाऱ्यांना लाथा-बुक्क्यांपेक्षा माणसाला गुलामीच आवडायला लावणे स्वस्त पडेल, असा त्याचा आशय होता. ठावठिकाणा आपण देतो तो असाच, आपखुशीने. जवळचे रेस्टॉरंट हवे, टॅक्सी दाराशी हवी, पाऊस पडणार का ते कळायला हवे. पण हक्सलेचीही एक मर्यादा आहे. त्याच्या राज्यात सगळेच सुखी असल्यामुळे पाळतीची किंमत कुणी एकटा चुकवत नाही. प्रत्यक्षात ही किंमत सारखी वाटली जात नाही. गाडी बदलण्याची ऐपत असलेल्याला कॅमेऱ्याचे काही वाटत नाही. डिलिव्हरी करणाऱ्या पोराला मात्र तो कुठे आणि किती मिनिटे थांबला याचा जाब द्यावा लागतो. हा असमान वाटा दोन्ही ईटनकरांच्या नजरेतून निसटला आहे.

म्हणून आपल्या माणसांच्या वाक्याकडे येते. "आमच्या चाळीत कुठे होती प्रायव्हसी?" यामागे एक खरा अनुभव आहे आणि त्याला हसण्यावारी नेण्यात अर्थ नाही. 'बटाट्याची चाळ' १९५८ साली पुस्तकरूपाने आली आणि पुढे पु.लं.नी एकट्याने ती रंगमंचावर उभी केली. तिच्यातले 'उपास' हे प्रकरण आठवा. एका गृहस्थाने वजन कमी करायचे ठरवले. झाले! त्याच्या ताटात काय पडते हा सार्वजनिक प्रश्न होतो. ज्याला त्याला मत असते आणि एकाचे मत दुसऱ्याशी जुळत नाही. गृहस्थाचे खाजगी पोट चाळीच्या मालकीचे होते. वाचताना आपण हसतो, त्रासत नाही. का बरे?

मला त्याची तीन कारणे दिसतात. एक, पाहणारा दिसतो. शेजारी डोकावतो तेव्हा त्याचे डोके दिसते. दोन, पाहणाराही पाहिला जातो. जो माझे ताट बघतो त्याच्या घरातले भांडण मी भिंतीतून ऐकलेले असते, त्यामुळे तो किती बोलेल यालाही मर्यादा पडते. तीन, चाळ विसरते. गणपती आले, कुणाचे लग्न निघाले, नळाला पाणी आले नाही, की कालचा उपास कालच्या रद्दीत जातो. या तीन अटी पाळल्या जातात म्हणूनच पु.लं.ची चाळ विनोदी राहते. यातली एकही अट फोन पाळत नाही. पाहणारा दिसत नाही, आपल्याला त्याला पाहता येत नाही, आणि तो विसरत नाही. तेव्हा चाळीचा दाखला देऊन आजच्या पाळतीचे समर्थन करणारे लोक 'बटाट्याची चाळ' अर्धीच वाचतात, असे मी म्हणेन.

पण एवढ्यावर थांबले तर मीही चाळीला गोंडस करून ठेवीन. पाहणे परस्पर होते, पण सारखे नव्हते. पु.लं.ची चाळ बऱ्याच अंशी गॅलरीत उभ्या असलेल्या पुरुषांच्या डोळ्यांनी पाहिलेली आहे. लग्नाची मुलगी उशिरा घरी आली, नवी सून माहेरी जाऊन दोन दिवस जास्त राहिली, एखादी विधवा कुणाशी जिन्यात बोलली, या गोष्टी चाळ विसरत नसे. चाळीचा हा उरलेला हिशेब मराठी साहित्याने दुसऱ्या एका कृतीत पुरा केला. विजय तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' हे नाटक १९६७ साली रंगमंचावर आले. अरविंद देशपांडे यांचे दिग्दर्शन आणि सुलभा देशपांडे यांची लीला बेणारे आजही दंतकथेसारखी सांगितली जाते.

या नाटकावर स्त्रीच्या छळाचे नाटक म्हणून पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते रास्तच आहे. पण आजच्या प्रश्नाच्या प्रकाशात ते पुन्हा वाचल्यावर मला एक वेगळीच गोष्ट जाणवली. या नाटकातले पुरावे बहुतेक सगळे ठावठिकाण्याचे आहेत! बेणारे कुठे दिसली, कोणत्या वेळी, कुणाबरोबर. पोंक्षे उडप्याच्या हॉटेलातली भेट सांगतो. बाळू रोकडे प्रोफेसर दामल्यांच्या खोलीवर गेला होता, तिथे बाई बसल्या होत्या, हे त्याच्याकडून वदवून घेतले जाते. कुणीही तिला काही करताना पाहिलेले नाही. सगळ्यांनी तिला फक्त कुठेतरी पाहिलेले आहे. दोन जागा आणि एक वेळ यांमधली मोकळी जागा कोर्ट आपल्या मनाने भरते. गावातला भाबडा सामंत तर साक्षीला उभा केल्यावर खिशातल्या कादंबरीतली वाक्ये सांगतो, आणि ऐकणाऱ्यांना तीही खरीच वाटतात. एकदा निष्कर्ष ठरला की खरी नोंद आणि रचलेली गोष्ट यांत फरक उरत नाही. संगणकाने काढलेल्या अंदाजांबद्दल यापेक्षा समर्पक दृश्य मला इंग्रजीतल्या कोणत्याही भविष्यकथेत सापडले नाही, आणि ते एका खेड्यातल्या सभागृहात, चार खुर्च्यांवर घडते.

आणखी चार गोष्टी पाहा. खटला सुरू होतो तो खेळ म्हणून, वेळ घालवायला. बेणारेही हसत भाग घेते. आपणही बहुतेक कार्यक्रम फोनवर गंमत म्हणूनच घेतो. रोकडे दामल्यांकडे गेला होता तो वेगळ्या कामाने. एका कामासाठी झालेली नोंद दुसऱ्याच कामाला जुंपली जाते. युरोपातल्या आणि ब्रिटनमधल्या माहिती-संरक्षण कायद्याचे एक मूलभूत तत्त्व याच्याच विरुद्ध आहे: ज्या हेतूने माहिती घेतली त्याच हेतूला ती वापरावी. बेणारे उठून जायला निघते तेव्हा दाराची कडी बाहेरून लागलेली असते. सेवा सोडून जायचे म्हटले की आपली जी धांदल होते ती आठवा. आणि शेवटची गोष्ट अशी की प्रोफेसर दामले आलेलेच नाहीत. ज्याचा ठावठिकाणा सर्वांत महत्त्वाचा तो माणूस सबंध नाटकभर गैरहजर आहे आणि त्याला कुणी आरोपी करत नाही. पाळतीची ही असमानता ऑर्वेल-हक्सलेंना दिसली नाही. ती तेंडुलकरांना दिसली.

हे नुसते रूपक नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात २०१८ साली निकाल लागलेल्या कार्पेंटर खटल्यात पोलिसांनी फोन कंपनीकडून एका आरोपीचे १२७ दिवसांतले १२,८९८ ठावठिकाणे मिळवले होते. इतक्या तपशिलाने माणसाचे आयुष्यच उघडे पडते, तेव्हा न्यायाधीशाच्या परवान्याशिवाय हे घेता येणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. त्याआधी एक वर्ष, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितले की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. सरकारची बाजू तेव्हा अशी होती की घटनेत असा हक्कच नाही. चाळीचा युक्तिवाद थेट दिल्लीपर्यंत पोहोचला होता म्हणायचा!

आणि नागपूर. केंद्राच्या स्मार्ट सिटी योजनेत (२०१५ ते २०२५) महाराष्ट्रातली आठ शहरे होती, त्यांत नागपूर होते. तिथल्या महापालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर जी.पी.एस.ची घड्याळे बांधली. हजेरीतले घोटाळे थांबावेत हे कारण खोटे नव्हते. पण ठरलेल्या हद्दीबाहेर गेलो तर पगार कापतील ही भीती, आणि ते घड्याळ घालून स्वच्छतागृहात जायचा बायकांना वाटणारा संकोच, अशा गोष्टी पुढे वृत्तपत्रांत आल्या. घड्याळातली माहिती एकाच दिशेने वाहते. रस्ता झाडणाऱ्या बाईला त्या पडद्यावर साहेब कुठे आहेत ते दिसत नाही. कल्पना करा, चाळीत एकाच्याच घराला भिंती नाहीत आणि बाकीच्यांच्या घराला खिडक्या नाहीत. अशा जागेला आपण चाळ म्हणणार नाही.

मग उपाय काय? काही लोक म्हणतात, सिग्नलच मारून टाका. गाडीच्या लायटरच्या जागी खोचायचे छोटे यंत्र मिळते. उपग्रहाचा संदेश इतक्या दुरून येताना अतिशय क्षीण झालेला असतो, त्यामुळे हे यंत्र जवळून आरडाओरडा करून तो बुडवते. न्यू जर्सीत २०१२ साली एका चालकाने असे यंत्र कंपनीच्या गाडीत लावले, मालकाला आपण कुठे आहोत ते कळू नये म्हणून. गाडी नूअर्क विमानतळाजवळ होती. विमाने उतरवण्यासाठी तिथे बसवलेल्या नव्या यंत्रणेत त्यामुळे व्यत्यय आला, आणि २०१३ मध्ये त्याला ३१,८७५ डॉलर दंड ठोठावला गेला. मोठ्या प्रमाणावर हेच युद्धात होते. मार्च २०२४ मध्ये ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांच्या विमानाचे उपग्रह-संदेश कालिनिनग्राडजवळ जाम झाले होते. आपल्या डोक्यावरून दिवसभर हीथ्रोची विमाने जातात, हे लक्षात घेतले की ब्रिटनच्या २००६ च्या कायद्याने अशा यंत्राचा वापर गुन्हा का ठरवला, हे समजावून सांगावे लागत नाही. तुरुंगांना मात्र २०१२ च्या कायद्याने कैद्यांचे चोरटे फोन बंद पाडायची मुभा दिली आहे. म्हणजे आवाज करून संदेश बुडवण्याचा हक्क पुन्हा पाहणाऱ्याकडेच!

त्या चालकाचे कृत्य बेकायदा आणि धोक्याचे होते. पण त्याची गरज खोटी होती असे मला म्हणवत नाही. त्याला आपल्या पोटापाण्याच्या जागी एक कोनाडा हवा होता, आणि तो मागायची सोय नव्हती, म्हणून त्याने सगळ्या परिसराचेच कान बधिर केले. ज्या शहरात "आता मला पाहू नका" असे म्हणण्याचा सभ्य मार्ग नसतो, तिथे लोक असभ्य मार्ग शोधतात. लंडनभोवतीचे कॅमेरे तोडणाऱ्या टोळ्या आपण २०२३ मध्ये पाहिल्या. त्यांचे समर्थन मी करणार नाही. शहराने मार्ग द्यायला हवा, एवढेच माझे म्हणणे.

तो मार्ग शोधायला पु.ल. आणि तेंडुलकर एकत्र वाचले तर पुरे. नवे कोणतेही यंत्र आले की चाळीचे तीन प्रश्न विचारावेत. पाहणारा मला दिसतो का? मला त्याला पाहता येते का? तो विसरणार केव्हा? आणि कोर्टाचे दोन विचारावेत. ज्या कामासाठी पाहिले त्याच कामाला वापरणार का? आणि मला उठून जायला दार उघडे आहे का? वाहतूक खात्याच्या प्रयोगाला यात काही गुण मिळतील, कचराकुंड्यांना शून्य. नगरपालिकेच्या बैठकीत, मुलांच्या शाळेत किंवा नोकरीच्या ठिकाणी हे प्रश्न विचारायला कुणी तज्ज्ञ लागत नाही.

शेवटी हा प्रश्न आपल्या घरात येतो, आणि मला खरी काळजी तिथली आहे. आपल्या ओळखीतल्या कितीतरी घरांत आईबापांच्या फोनवर मुलांचे ठिपके हलत असतात, आणि पुण्या-नाशकात एकट्या राहणाऱ्या वडिलांचा ठिपकाही. काळजी खोटी नाही. सातासमुद्रापलीकडे एकट्या माणसाला पडायला झाले तर शेजाऱ्याला फोन कुठून लावायचा? ठिपका दिसला तर जीव भांड्यात पडतो. आमच्याकडे हे सुरू करायचे ठरले तेव्हा सोळा वर्षांच्या मुलीने एकच अट घातली. "मी तुम्हाला दिसणार असेन, तर तुम्ही मला दिसायला हवं. आणि कुठे होतीस असं नंतर विचारायचं नाही." वडिलांनी पुण्याहून आणखी एक जोडली, की दुपारी दोन ते चार ते फोन बंद ठेवणार, आणि का ते सांगणार नाहीत. आम्ही दोन्ही अटी मान्य केल्या. पाहणारा दिसावा, पाहणे परस्पर असावे, विसर पडावा, दार उघडे असावे! दोघांनीही तेंडुलकर वाचलेले नाहीत, तरी मागितले ते नेमके हेच.

"कर नाही त्याला डर कशाला" ही म्हण आपण या विषयात फार सैलपणे वापरतो. लीला बेणारेने काही लपवले की नाही, हा त्या नाटकाचा प्रश्नच नाही. तिला विचारण्याचा अधिकार त्या खुर्च्यांवर बसलेल्यांना कुणी दिला, हा आहे. 'शांतता'ला साठ वर्षे होत आली, पण स्मार्ट शहरांच्या काळासाठी मराठीत लिहिलेले सर्वांत उपयुक्त पुस्तक अजून तेच आहे, असे माझे मत आहे. ऑर्वेल आणि हक्सले आपल्या मुलांना इथली शाळा शिकवीलच. तेंडुलकर त्यांच्या हाती देणे मात्र आपल्यालाच करावे लागेल.